थोमाचा प्रश्न

वाचण्याचे भाग : योहान २० : १९–२९, प्रेषितांची कृत्ये १७ : १०–१२, २ करिंथ ५ : १८–२१.

गेल्या उन्हाळ्यात केनवड येथे संध्याकाळच्या उपासनेत तारणाविषयी बोलण्याचा प्रसंग मजवर आला होता. आपल्या उपदेशकांच्या तोंडी जो दृष्टांत नेहमी असतो तोच मी सांगितला. एक न्यायी राजा होता. त्याच्या प्रजेपैकी एक मनुष्य देहदंडास पात्र ठरला. राजास न्याय मोडवेना व दयाही सोडवेना; तेव्हा त्याने आपल्या निरपराध पुत्रास त्या अपराध्याच्या जागी मरावयास पाठविले. हा दृष्टांत मी वीस वर्षे सांगत आलो आहे, आणि तो ऐकून बाया डोळ्यांस पदर लावतात. त्या संध्याकाळी मात्र मागे बसलेला एक तरुण उभा राहिला. तो आपल्याच मंडळीच्या घरातला, शिकण्यासाठी वाशीमास राहणारा. तो म्हणाला, "मास्तर, दोषी सुटला आणि निर्दोष मेला, ह्यात न्याय कोठे झाला? असा राजा आपल्या मुलखात असता तर आपण त्यास न्यायी म्हटले असते काय?"

असले प्रश्न सैतान सुचवितो, खाली बैस, असे मी त्यास म्हणालो. तो बसला. त्या दिवसापासून तो उपासनेस आलेला नाही. त्याची आजी अजून येते, पुढेच बसते, पण मजकडे पाहत नाही.

हा पाठ त्या तरुणासाठी आहे, आणि माझ्यासारख्या उपदेशकांसाठीही. ज्या प्रश्नास मी सैतानाचा म्हटले तो किती जुना आहे, कसकशा प्रामाणिक माणसांनी तो विचारला, त्यांस मंडळीने काय उत्तर दिले, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याचे पुढे काय झाले, हे मजपाशी त्या वेळी तयार असते तर ते शब्द माझ्या तोंडून निघाले नसते.

थॉमस पेन ह्या नावाचा मनुष्य १७३७ साली इंग्लंडातील थेटफर्ड गावी जन्मला. बाप क्वेकर पंथाचा, शिवणकाम करून पोट भरणारा. पेन सात-आठ वर्षांचा असता त्याच्या एका नातलगाने घरात एक उपदेश वाचून दाखविला. विषय हाच, देवाच्या पुत्राच्या मरणाने होणारे तारण. तो ऐकून मूल बागेत गेले, आणि पायऱ्या उतरता उतरता त्याच्या मनास मोठा धक्का बसला. आपल्या मुलास मारणाऱ्या बापास तर लोक फासावर चढवितात. मग देवाविषयी हे लोक असे का सांगतात? जो देव चांगला आहे तो असे करणार नाही, हे त्या मुलाने त्याच वेळी मनाशी धरले. पन्नाशी उलटल्यावर 'एज ऑफ रीझन', म्हणजे 'बुद्धीचे युग', ह्या आपल्या ग्रंथात पेनने ही आठवण लिहून ठेवली. केनवडच्या त्या तरुणाने पेनचे नाव कधी ऐकले असेल असे मला वाटत नाही. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो विचारणारे मूल सैतानाचे शिष्य नव्हते; देवाच्या चांगुलपणाची बाजू घेऊन ते बोलत होते.

पेन एकटा नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षांचा जो काळ युरोपात गेला त्यास प्रबोधनाचा काळ म्हणतात. धर्माच्या नावाने तेथे इतके रक्त सांडले होते, की विचारी माणसे म्हणू लागली, राजाने किंवा पाळकाने सांगितले एवढ्यावरून आम्ही मानणार नाही. देवाने दिलेल्या बुद्धीस काय पटते ते आधी पाहू. ह्या लोकांत नास्तिक थोडे होते. पुष्कळसे देवास मानणारे, आणि कित्येक तर रोज पवित्र शास्त्र वाचणारे होते. आपण त्या सर्वांस एकाच गोणीत भरतो आणि वर 'पाखंडी' अशी चिठ्ठी लावतो, हे बरे नव्हे.

मंडळीने त्यांस काय उत्तर दिले हे सांगताना एक लाजेची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. स्कॉटलंडातील एडिंबरो शहरात थॉमस एकनहेड नावाचा एक विद्यार्थी होता. वय वीस वर्षे, म्हणजे आमच्या तरुणाएवढेच. मित्रांच्या बैठकीत तो त्रैक्याविषयी व शास्त्राविषयी थट्टेने बोलला. मित्रांनीच साक्ष दिली. त्याने आपले बोलणे मागे घेतले, क्षमा मागितली. परंतु तेथील मंडळीच्या महासभेने अधर्माविरुद्धचे कायदे कडकपणे चालवावे असाच आग्रह धरला, आणि ८ जानेवारी १६९७ रोजी त्या मुलास फाशी दिले. ब्रिटनमध्ये देवनिंदेबद्दल फाशी गेलेला तो शेवटचा मनुष्य. ज्या स्कॉटलंडच्या मिशनाने पुढे दीडशे वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांस शिकविले, त्याच देशातली ही गोष्ट आहे. मी 'खाली बैस' म्हणालो आणि त्यांनी फाशी दिले, ह्यांत अंतर पुष्कळ आहे खरे. तथापि दोन्ही ठिकाणी प्रश्नाचे उत्तर दिले गेले नाही.

जे शहाणे होते ते गप्प राहिले. गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधून काढणारा आयझॅक न्यूटन हा केंब्रिजच्या ज्या कॉलेजात होता त्याचे नावच त्रैक्य कॉलेज. परंतु शास्त्राचा अभ्यास करता करता त्रैक्याची शिकवण मागाहून आली असे त्याचे मत झाले. पाळकपदाची दीक्षा घेतल्यावाचून त्या जागेवर राहता येत नसे. त्याने दीक्षा घेतली नाही, आणि १६७५ साली राजाकडून तेवढी सूट मिळविली. त्याच्या मागून त्याच्या आसनावर बसलेला विल्यम व्हिस्टन हे मत उघड बोलला, म्हणून १७१० साली त्यास विद्यापीठातून काढून दिले. न्यूटनच्या एका शोधाचा मात्र आपणासही उपयोग झाला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनाजवळ, स्वर्गातील तीन साक्षीदारांविषयी एक वाक्य जुन्या इंग्रजी बायबलात असे. त्रैक्य सिद्ध करावयास उपदेशक तेच पुढे करीत. न्यूटनने प्राचीन प्रतींची साक्ष तपासून १६९० साली दाखवून दिले की हे वाक्य मूळचे नव्हे. तो लेख त्याच्या मरणानंतर सत्तावीस वर्षांनी, १७५४ साली छापला गेला; आणि १८८१ साली इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या विद्वानांनी, ज्यांपैकी बहुतेक त्रैक्य मानणारे होते, ते वाक्य गाळले. मी त्रैक्य मानतो. परंतु खोट्या खांबावर ते टेकविले होते हे दाखविणाऱ्याचे आभारही मानतो.

जॉन लॉकचे नाव आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. १६९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म बुद्धीस धरून आहे हे दाखविणारे पुस्तक आपले नाव न घालता छापले. त्यात तो म्हणतो की, नीतीचे नियम बुद्धीने शोधता येतील हे खरे, परंतु ज्यास दिवसभर नांगर किंवा कुदळ धरावी लागते त्यास एवढ्या लांब विचाराची फुरसत कोठून? मजूर, कारागीर, सूत कातणाऱ्या व दूध काढणाऱ्या बाया ह्यांस कळेल असाच धर्म देव देईल; आणि शुभवर्तमान तसे आहे. येशू हा अभिषिक्त राजा आहे हे मानावे, पश्चात्ताप करावा व त्याच्या सांगण्याप्रमाणे चालावे, एवढे लॉकने मुख्य धरले. पंडितांनी त्यावर गहजब केला, की ह्यात त्रैक्य कोठे आहे? लॉकने अपुरे सांगितले असे मलाही वाटते. पण कोळ्यांस जे समजले ते समजण्यास पंडित लागतो असे ज्यांस वाटते, त्यांनी आधी लॉकला उत्तर द्यावे.

जोसेफ प्रीस्टली हा तर पाळकच होता, आणि रसायनशास्त्रीही. १७७४ साली त्याने प्राणवायू वेगळा काढला. देव एकच, येशू देवाने पाठविलेला मनुष्य, असे तो शिकवी. अशा मताच्या लोकांस युनिटेरियन म्हणतात. फ्रान्सच्या क्रांतीस त्याचा पाठिंबा होता म्हणून १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅम शहरात 'मंडळी आणि राजा' असा जयघोष करीत जमाव निघाला, व त्याने प्रीस्टलीचे प्रार्थनामंदिर, घर, ग्रंथ व प्रयोगशाळा जाळून टाकली. १७९४ साली तो अमेरिकेस निघून गेला. आपल्या दारी जमाव येणे म्हणजे काय, हे ज्या ज्या मंडळीने पाहिले असेल तिने हेही ध्यानात ठेवावे की एके दिवशी तो जमाव आपल्या लोकांचा होता.

आता पेनकडे परत येऊ. त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी चालविली, १७९१ साली 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे 'मनुष्याचे हक्क', लिहून राजेशाहीवर घाव घातला, आणि फ्रान्सात जाऊन तेथील सभेचा सभासद झाला. तेथे राजास ठार मारू नये असे तो बोलला. पुढे १७९३ च्या डिसेंबरात त्यास तुरुंगात टाकले, व तो सुमारे दहा महिने आत होता. 'एज ऑफ रीझन'चा पहिला भाग तुरुंगात जाण्याच्या सुमारास पुरा झाला. त्यात त्याने एका देवावर व पुढील जीवनाच्या आशेवर आपला विश्वास सांगितला, आणि फ्रेंच लोक नास्तिकपणाकडे धावू नयेत म्हणून आपण लिहीत आहो असेही म्हटले. परंतु शास्त्र, चमत्कार व वधस्तंभ ह्या तिहींवर त्याने जे लिहिले ते फार कडवट आहे. आणि ठिकठिकाणी अडाणीपणाचेही आहे, कारण पहिला भाग लिहिताना त्याच्याजवळ बायबल नव्हते हे तो स्वतः कबूल करतो. रिचर्ड वॉटसन नावाच्या एका बिशपाने १७९६ साली त्यास सभ्यपणाने, मुद्द्यास मुद्दा देऊन उत्तर लिहिले. सरकारने मात्र पुस्तक विकणाऱ्यांस तुरुंगात टाकले, आणि त्यामुळे ते अधिकच वाचले गेले.

पेनचा मित्र थॉमस जेफर्सन हा अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष. त्याने एक विलक्षण गोष्ट केली. १८२० च्या सुमारास, म्हातारपणी, त्याने नव्या कराराच्या प्रती घेतल्या, पात्याने आपणास पटलेली वचने कापली, आणि ती ग्रीक, लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी अशा चार भाषांत शेजारी शेजारी चिकटवून एक पुस्तक केले. येशूचा उपदेश ठेवला, चमत्कार टाकले. त्या पुस्तकाचा शेवट कोठे होतो? कबरेच्या तोंडावर धोंड लोटतात आणि माणसे निघून जातात, तेथे. ज्याने ते केले त्याचा हेतू वाईट नव्हता. येशूवर त्याचे मनापासून प्रेम होते. पण त्याच्या घरी आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम राबले, हेही विसरता येत नाही. उपदेश तेवढा पुरे असे म्हणणाऱ्यास उपदेश तरी कितपत पुरला, असे माझ्या मनात येते. अर्थात पुनरुत्थान मानणारेही गुलाम बाळगीतच होते, म्हणून हा दगड मी फार जोराने फेकणार नाही.

त्याच १८२० साली, जेफर्सनची काही खबर नसता, कलकत्त्यास राजा राममोहन रॉय ह्यांनी येशूच्या उपदेशांचा असाच एक संग्रह छापला. श्रीरामपूरचे मिशनरी मार्शमन ह्यांनी त्यावर टीका केली, राममोहनांनी उत्तरे दिली, आणि ह्या वादात विल्यम अॅडम हा मिशनरीच राममोहनांच्या बाजूस जाऊन युनिटेरियन झाला. अशा रीतीने हा विचार आपल्या देशात आला.

महाराष्ट्रात तो दोन वाटांनी आला. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. तिचे सभासद गुप्तपणे जमत, जातिभेद मोडण्याची शपथ घेत व एका देवाची प्रार्थना करीत. दादोबा पांडुरंग हे मराठी व्याकरणकार तिचे मार्गदर्शक. ह्याच सभेतून बाबा पदमनजी शोध करीत करीत पुढे गेले, व १८५४ साली बेळगावास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे तेच. बाकीच्यांपैकी कित्येक तेथेच थांबले. १८६० च्या सुमारास सभेचे गुपित फुटून ती मोडली, आणि १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. त्या समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकावयास गेले. ते कॉलेज युनिटेरियनांचे. प्रीस्टली ज्या विद्यालयात शिकवीत असे त्याच परंपरेतले. परत आल्यावर १९०६ साली शिंद्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली व त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. बर्मिंगहॅमच्या जमावाने जे जाळले त्यातले एवढे तरी उरले होते.

दुसरी वाट पुण्याची. जोतीराव फुले १८४१ पासून १८४७ पर्यंत स्कॉटिश मिशनाच्या शाळेत शिकले, आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' मित्रांसह वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे एकाच मुलाच्या हाती एका बाजूने शुभवर्तमान व दुसऱ्या बाजूने पेन आला. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशाने नाडलेल्या कुणबी जोडप्यास सत्य समजावून सांगतो तो एक पाद्री आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूला त्यांनी बळीराजा म्हणून गौरविले. ज्याच्या राज्याची वाट आपल्या आयाबाया दिवाळीत ओवाळताना पाहतात, त्या बळीच्या पंक्तीस येशूला बसविणे ही लहान गोष्ट नव्हे. ते पुस्तक त्यांनी गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. तरीही जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. मरणानंतर १८९१ साली छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते सर्वांच्या निर्मिकास मानतात, सर्व धर्मपुस्तकांत काही ना काही सत्य आहे असे म्हणतात, पण कोणत्याही एका पुस्तकात ते समग्र आहे असे मानीत नाहीत. त्यांच्या कल्पनेतल्या घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी होऊन एकत्र प्रेमाने राहतात.

ते ख्रिस्ताच्या जवळ होते की दूर, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळा विचारतात. प्रभूने एका शास्त्र्यास तो देवाच्या राज्यापासून दूर नाही असे म्हटले (मार्क १२ : ३४), आणि तो आत आला की नाही हे मार्काने सांगितले नाही. मीही सांगत नाही. ज्याने पुस्तकाच्या नावावर माणसे बांधलेली पाहिली, त्याने पुन्हा कोणत्याही पुस्तकास मान देताना दहा वेळा विचार केला तर त्याचा दोष एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही.

आणि आता पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वर ज्यांची नावे आली त्यांपैकी बहुतेक बाहेर उभे राहून प्रश्न विचारीत होते. रमाबाईंनी ते आत येऊन विचारले, जसा आमच्या तरुणाने विचारला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज गावी, तेथील भगिनीमंडळाच्या आश्रयास असता, रमाबाईंनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, पती वारलेला, आईबाप व बहीण दुष्काळात आणि भाऊ पुढे मेलेला. अशी परक्या देशात आलेली विधवा आपल्या उपकाराखाली दबून राहील असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. सिस्टर जेराल्डिन ह्यांस त्यांनी लिहिलेली पत्रे छापली गेली आहेत, आणि प्रत्येक उपदेशकाने ती वाचावीत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत? अथनाशियन मतांगीकार, ज्यात तो न मानणाऱ्याचा सर्वकाळचा नाश सांगितला आहे, तो मी का म्हणावा? त्रैक्य शास्त्रात कोठे आहे ते मला दाखवा. मुंबई व लाहोर येथील बिशपांनी बाईने पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे म्हटले, तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. एका भटशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसरे घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत बाप्तिस्मा घेतला आहे, एखाद्या पंथात नव्हे, ह्यावर त्या ठाम होत्या. सिस्टर जेराल्डिन ह्यांस वाटले की ही बाई गर्वाने पाखंडात पडली. चेल्टनहॅमच्या मिस बील ह्यांनी मात्र अधिक धीर धरला. त्या पत्राने पत्राचे उत्तर देत राहिल्या. ह्याच सुमारास, १८८५ साली, इकडे पुण्यात लोक रमाबाईंस शिव्या देत असता जोतीरावांनी 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. पुढे अमेरिकेत त्यांच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनला मंडळ निघाले, त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पाळक होते.

पुढे काय झाले ते रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत लिहिले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम नावाच्या पाळकाचे आत्मवृत्त वाचीत असता त्यांस उमगले की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. कोणी वादात हरविले म्हणून हे झाले नाही, आणि कोणी गप्प बसविले म्हणून तर मुळीच नाही. ती आठ वर्षे त्या शंका घेऊन मंडळीतच होत्या. प्रार्थना करीत होत्या, शारदासदनात विधवांस शिकवीत होत्या. योहानाचा विसावा अध्याय नीट वाचा. थोमाने आपला प्रश्न बोलून दाखविल्यावर मध्ये आठ दिवस गेले, आणि आठ दिवसांनी तो कोठे होता? त्याच घरात, त्याच दहा जणांबरोबर. त्यांनी त्यास बाहेर घातले असते तर प्रभू आला त्या वेळी तो तेथे नसता.

आता माझा राजा आणि त्याचा पुत्र. माझा दृष्टांतच चुकीचा होता, आणि तरुणाने त्याची चूक अचूक दाखविली. माझ्या गोष्टीत तीन माणसे आहेत : राजा, अपराधी व पुत्र. राजा सिंहासनावर सुखरूप बसतो, मरतो तो तिसराच. पेन बागेच्या पायऱ्यांवर ज्या देवास भ्याला तो हाच, आणि असा देव शास्त्रात नाही. पौल करिंथकरांस काय लिहितो ते पाहा : देव स्वतः ख्रिस्तामध्ये असून जगाचा समेट करीत होता. तेथे तिसरा कोणी नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. एखाद्याने वैराने शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या सुडीस आग लावली. वर्षाचे पीक गेले. शेतकऱ्यास पोलिसांत जाता येते, भरपाई मागता येते. समजा त्याने क्षमा केली. मग नुकसान नाहीसे झाले काय? नाही. सावकाराचे देणे, मुलीचे लग्न, वर्षभराचा दाणा, हे सर्व त्याने आपल्या घरात सोसले. क्षमा ज्याने केली त्यानेच भरपाई भरली. हेच त्याने आपल्या धाकट्या भावास सांगितले असते की तू सोस आणि मी क्षमा करतो, तर लोकांनी त्यास थोर म्हटले नसते. म्हणून वधस्तंभावर जो होता तो केवळ एक चांगला मनुष्य असेल, तर पेनचा व आमच्या तरुणाचा आक्षेप खरा ठरतो. देवाने दुसऱ्याच्या जिवावर दया केली असे होते. तो देवच असेल, तर आक्षेप राहत नाही. गंमत अशी की प्रीस्टली व जेफर्सन ह्यांनी अडचणीचे म्हणून जे काढून टाकले, त्याच शिकवणीत पेनचे उत्तर होते. त्रैक्य आपण एक आणि तीन ह्यांचे गणित म्हणून शिकवितो, म्हणून ते कोणास पटत नाही. सुडी कोणाची जळाली, असा प्रश्न घेऊन ते शिकवावे.

ह्यावरही प्रीस्टली म्हणाला असता की लूकाच्या पंधराव्या अध्यायातील बापाने उधळ्या मुलास वधस्तंभावाचूनच क्षमा केली. तो मुद्दा हलका नाही. माझे उत्तर एवढेच, की त्या बापाच्या मालमत्तेचा वाटा गेला होता, थोरला मुलगा रुसला होता, आणि म्हातारा भर रस्त्यात धावला होता. त्याने काहीच भरले नाही असे मला दिसत नाही. एखाद्या वाचकास ह्याहून चांगले उत्तर सुचल्यास त्याने कळवावे.

गेल्या आठवड्यात मी त्या तरुणाच्या घरी गेलो. मळणीचे दिवस, तो शेतात यंत्रावर होता. आजीने पाणी दिले, बसावयास सतरंजी टाकली. दृष्टांत चुकला होता असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "हे त्याला सांगा, मास्तर, मला काय सांगता?" मी शेताकडे निघालो. यंत्र बंद होईतो बांधावर बसलो.